लाईटवाला वायरलेस सायकल कॉम्प्युटर: ऑफिसच्या सायकलला घ्यावा का?

रोजचा_सायकलवाला:
कोथरूड ते हिंजवडी, एका बाजूने साधारण १६ किमी, परतताना अंधार. हायब्रिड सायकल, टायर ७०० x ३८सी, पुढे डिस्क ब्रेक, फोर्क (पुढच्या चाकाचा चिमटा) साधा, शॉकअप नाही. वेग-अंतर दाखवणारा वायरलेस कॉम्प्युटर आणि हेडलाईट एकाच डबीत असलेला प्रकार बघतोय. जीपीएस नको. खोक्यावर लिहिलंय: ४०० लुमेन (उजेडाचं माप), १२०० एमएएच (बॅटरीची क्षमता), ६ तास, आयपीएक्स४ (पाणी सोसण्याची श्रेणी). सिग्नलला किंवा पार्किंगमध्ये काढून खिशात टाकायला एकच वस्तू, हा मुख्य मोह. यात गोम काय आहे?

आरे_आणि_रिम:
आधी आकडेमोड. १२०० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे जेमतेम ४.४ वॅट-तास. सर्किटमध्ये वाया जाणारं धरून वॅटमागे ८० ते १०० लुमेन मिळाले तर पुष्कळ. म्हणजे ४०० लुमेनला ४ ते ५ वॅट, आणि बॅटरी तासाभरात खलास. ते ‘६ तास’ सर्वात मंद किंवा लुकलुकणाऱ्या मोडचे असतात, खोक्यावर मात्र दोन्ही आकडे शेजारी छापतात. दिवे असलेल्या रस्त्यावर २०० लुमेन पुरतात, म्हणजे दोन संध्याकाळी निघतील. अंधाऱ्या पट्ट्यात खड्डे दिसायला ४०० हवेत, मग रोज चार्जिंग आलं. याच आकाराच्या डबीवर ‘१००० लुमेन, ६ तास’ लिहिलेलं दिसलं तर पुढे वाचायचीही गरज नाही.

पण खरी मेख कोनाची. हँडल जमिनीपासून साधारण मीटरभर वर. झोताचा मध्य समोर १० मीटरवर पडायला लाईट सुमारे ६ अंश खाली झुकवावा लागतो. स्क्रीन मात्र आपल्याकडे १५-२० अंश कललेली असेल तरच नीट वाचता येते. दोन्ही एकाच डबीत पक्के बसवलेले असले की एकाचा बळी जातो, आणि बहुतेकदा तो समोरून येणाऱ्या बाईकवाल्याच्या डोळ्यांचा. म्हणून बाजूने काढलेला फोटो बघा. लाईटची काच आणि स्क्रीन यांच्यात मुळातच कोन दिला असेल तरच पुढचा विचार करा. झोताची वरची कड सरळ कापलेली असेल (जर्मनीच्या एसटीव्हीझेडओ नियमांनुसार बनवलेल्या लाईटची असते तशी) तर उत्तमच.

चुंबक_आणि_चक्र:
वरच्याला +१. आता वायरलेसकडे. स्वस्त मॉडेलमध्ये सेन्सर म्हणजे एक रीड स्विच: स्पोकवरचं चुंबक समोरून गेलं की त्याच्या आतल्या पट्ट्या जुळतात आणि सेन्सर कमी फ्रिक्वेन्सीवर एक अशक्त ठोका (रेडिओ सिग्नल) पाठवतो. पल्ला ६०-७० सेंमी. आणि एलईडीचा ड्रायव्हर (त्याला वीज पुरवणारं सर्किट) नेमका सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होणारा, तोही रिसीव्हरपासून दोन-तीन सेंमीवर. आतली रचना गचाळ असेल तर कॉम्प्युटर त्याच्याच लाईटमुळे बिघडतो.

लक्षणं दोन. ठोके बुडाले तर चालत्या सायकलवर वेग मध्येच शून्य होतो. खोटे ठोके शिरले तर उभ्या सायकलवर ६०-७० चा वेग दिसतो.

तपासणी घरातच होते, परत करायची मुदत संपायच्या आत करा. सायकल स्टँडवर, लाईट बंद, पुढचं चाक हाताने फिरवा आणि आकडा स्थिर येतो का बघा. मग चाक थांबवून लाईटचा प्रत्येक मोड एकेक मिनिट चालू ठेवा, आकडा शून्यावरच राहिला पाहिजे. मग चाक फिरवत तेच पुन्हा. मंद आणि लुकलुकणारे मोड टाळू नका. एलईडी मंद करायला तो झपाट्याने चालू-बंद करतात, त्यामुळे ‘हाय’वर निर्दोष वाटणारा नग ‘लो’वर फसू शकतो. २.४ गीगाहर्ट्झवर चालणारा सेन्सर (ब्लूटूथ किंवा सायकलच्या सेन्सरांसाठीची अँट प्लस ही वायरलेस पद्धत) असेल तर ही कटकट जवळपास मिटते. त्यातले काही हबला (चाकाच्या मधल्या भागाला) गुंडाळायचे असतात, चुंबकच लागत नाही. थोडे पैसे जास्त गेले तरी मी तोच घ्या म्हणेन.

रोजचा_सायकलवाला:
पाहिलेलं मॉडेल चुंबकवालं आहे. रोटर (डिस्क ब्रेकची चकती) डावीकडे, म्हणजे सेन्सर उजवीकडेच लावावा लागेल ना? आणि पावसाळ्याचं काय?

आरे_आणि_रिम:
हो, उजवीकडे. चुंबकही हबच्या उजव्या फ्लँजमधून (कडेच्या चकतीतून) निघणाऱ्या स्पोकवरच लावा, डाव्या स्पोकवरचं लांब पडतं. सेन्सरवरच्या खुणेसमोरून चुंबक जायला हवं, मधली फट २-३ मिमी. ५ च्या वर गेली की ठोके चुकायला लागतात. यात एक ओढाताण आहे: सेन्सर फोर्कवर वर सरकवला तर डबीपर्यंतचं अंतर कमी होतं, पण स्पोक रिमकडे जाताना आत वळतात म्हणून चुंबकाची फट वाढते. आधी टेपने सेन्सर ते डबी मोजा, ६० सेंमीच्या आत बसवा, मग सेन्सरखाली जुन्या ट्यूबचा तुकडा घालून फट भरा. चुंबकाचा स्क्रू नीट आवळा. खड्ड्यांनी तो ढिला होऊन चुंबक स्पोकवरून घसरतं आणि लोक उगाच सेल बदलत बसतात.

चाकाचा घेर टाकायला विसरू नका. ७०० x ३८सी ला साधारण २१८० मिमी. डबीत २०९६ (तो ७०० x २३सी चा) तसाच राहिला तर १६ किमीचे १५.४ दिसतील. नेमका हवा असेल तर हवा भरून, सायकलवर बसून, व्हॉल्व्ह खाली असताना खडूने खूण करा, तीन फेरे सरळ जा, अंतराला तीनने भागा.

चुंबक_आणि_चक्र:
पावसाबद्दल: आयपीएक्स४ म्हणजे सगळीकडून उडणारं पाणी सोसेल, जुलैतली तासभराची झोड नव्हे. पाणी शिरतं ते चार्जिंगच्या रबरी झाकणातून. रोज उघडून त्याची कड सैल होते, पिनांवर हिरवट थर येतो. ओल्या पोर्टला चार्जर लावला की ते गंजणं आणखी जोरात. रात्रभर झाकण उघडं ठेवून वाळवा, सकाळी चार्ज करा. सेन्सरमधल्या सीआर२०३२ सेलच्या झाकणाखालच्या रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा. व्हॅसलीन नको, काही प्रकारचं रबर त्याने फुगतं.

आणि हँडलला पुढे बॅग लावत असाल तर हा प्रकार सोडूनच द्या. निम्मा झोत बॅगेवर पडेल.