मदत हवी आहे: मांडणीवरून कागदी नकाशाकडे मुलांना कसं न्यायचं?

नमस्कार. वाईत कृष्णेच्या घाटाजवळ आमची बालवाडी आहे. चार ते पाच वर्षांची वीस मुलं, मी आणि एक मदतनीस ताई. सध्या ‘आपला परिसर’ चालू आहे.

मुलांना बाजारापर्यंत फिरवून आणलं. आल्यावर जुन्या चादरीवर निळ्या ओढणीची नदी, खडूचे रस्ते, काडेपेट्यांची घरं मांडली. ढोल्या गणपतीचं देऊळ त्यांनी शाडूचं केलं (गणपती देवळापेक्षा मोठा झालाय, पण ढोल्याच तो, तसाच ठेवलाय). या मांडणीवर दूधवाल्या काकांच्या दुकानातून शाळेत कसं यायचं, हे मुलं बोट फिरवून बरोबर दाखवतात.

अडतंय ते कागदावर. तिथे घर, देऊळ, सगळं समोरून दिसतं तसं उभं काढतात आणि नदी जाते तळाला. काडेपेटीभोवती पेन्सिल फिरवून पाहिली. पेटी उचलली की उरलेला चौकोन म्हणजे घर, हे बऱ्याच जणांना पटतच नाही. मोबाइलवर उपग्रहातून दिसणारं गाव दाखवलं, तर सगळी नुसती झूम करत बसली.

आमच्याकडे गच्ची नाही, खर्चाला पैसे जवळपास नाहीत आणि मुलांना पाण्याजवळ नेता येत नाही. मोबाइलचे उपाय शक्यतो नकोत. दिशांची नावंही एवढ्यात शिकवायची नाहीत.

मांडणी आणि कागद यांच्यामधली पायरी म्हणून तुम्ही नेमकं काय करून घेता? की या वयात मांडणीवरच थांबावं?