बालपणीचे आघात आणि मोठेपणीचं मन: या क्षेत्रात काम करणाऱ्यांनो, लिहा

संशोधनात काम करणारी
लहानपणी सोसलेल्या आघातांबद्दलच्या दहा प्रश्नांची यादी (‘एसीई’) हल्ली फोनवर फिरते; प्रत्येक ‘हो’ला एक गुण, मग ‘तुमचा स्कोअर किती?’ तिचं मूळ अमेरिकेत सॅन दिएगोतलं, फेलिटी आणि अँडा या डॉक्टरांचा १९९८ चा अभ्यास. तेव्हा आघातांचे प्रकार सातच होते. दुर्लक्ष आणि पालकांची फारकत नंतर आली. चार किंवा अधिक प्रकार सोसलेल्यांपैकी निम्म्यांनी वर्षभरात निदान दोन आठवडे सलग उदासी सांगितली, एकही न सोसलेल्यांत साधारण सातांतल्या एकाने. म्हणजे जास्त स्कोअरवालेही निम्मे त्यातून सुटलेच की! शिवाय वर्षानुवर्षांचा लैंगिक अत्याचार म्हणजे एक गुण आणि आईबाप वेगळे झाले तरी एकच. खुद्द अँडा यांनी २०२० मध्ये बजावलं की एकेका माणसाचा धोका या आकड्यावरून ठरवू नका.

समुपदेशक
‘लहानपणी अत्याचार झाला का?’ असं विचारलं की ‘छे!’ येतं, कारण पट्ट्याचा मार आपल्याकडे शिस्तीत मोडतो. ‘घरात कुणाला राग आला की काय व्हायचं? तुम्ही कुठे जायचात?’ असं विचारा. शेवटच्या पंधरा मिनिटांत हा विषय काढू नका. उघडलेलं मिटवायला वेळ उरत नाही, आणि माणूस तसाच घरी जातो. मग पुढच्या वेळी येतच नाही. निघण्यापूर्वी पाय जमिनीला टेकवून, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ देत पाचेक मिनिटं बसवा. रात्री घरी कोण आहे, हेही विचारून घ्या.

मनोविकारतज्ज्ञ
आमच्याकडे बहुतेक जण ‘लहानपण’ घेऊन येत नाहीत; अ‍ॅसिडिटी, डोकेदुखी, उडालेली झोप घेऊन येतात. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ आधी बघा. सगळं बालपणावर ढकलणं हीसुद्धा चूकच. रात्री-अपरात्री बोलायला ‘टेलिमानस’ ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन १४४१६ आहे.

शाळेतली समुपदेशक
मोठेपणाची वाट का बघायची? दचकणाऱ्या मुलाला पाठीशी भिंत आणि समोर दार दिसेल अशी जागा द्या, तास बदलणार असेल तर आधी सांगा. मूल लैंगिक अत्याचाराबद्दल बोललं तर ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका; मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या पॉक्सो कायद्याने (२०१२) पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. त्याचेच शब्द जसेच्या तसे, तारखेसह लिहा. खोदून विचारू नका, आणि मुख्याध्यापकांपुढे पुन्हा वदवून तर मुळीच घेऊ नका: दर वेळी तपशील थोडा बदलतो आणि पुढे त्यावरच बोट ठेवलं जातं. मदतीला मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८.