मदत हवी आहे: कॅलगरीहून एका दिवसात डायनोसॉर पार्क, सोबत सासू-सासरे आणि आठ वर्षांचं पोरगं

शेवंती_कॅलगरी

नमस्कार मंडळी,

नागपूरहून सासू-सासरे उन्हाळ्यासाठी आमच्याकडे आलेत. बॅन्फ झालं, लेक लुईझ झालं. आता बाबांनी (सासरे, वय ७२) धरून ठेवलंय की "ती हाडांची दरी" बघितल्याशिवाय परत जायचं नाही. भूगोलाचे मास्तर होते. वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्यात डायनोसॉरची हाडं सापडतात, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पोरांना सांगितलंय. त्यामुळे इथे येऊन काचेआडचे सांगाडे पाहून त्यांचं समाधान होणार नाही. हाड जिथे पडलंय तिथेच बघायचंय!

अडचण अशी, की आईंचे गुडघे दुखतात, ऊन सोसत नाही. मुलगा आठ वर्षांचा. नवऱ्याचं म्हणणं, सकाळी ड्रमहेलर, दुपारी डायनोसॉर प्रोव्हिन्शियल पार्क, रात्री घरी. मला नकाशा बघूनच धडकी भरली. हे जमतं का? गाइडेड टूर घ्यावीच लागते की आपलं आपण फिरता येतं? आणि जेवणाचं काय करता?

खडकवेडा

शेवंतीताई, नवऱ्याचा बेत आधी रद्द करा. 😀 ड्रमहेलर कॅलगरीच्या ईशान्येला, दीड तासावर. पार्क पूर्वेला, ब्रुक्स गावाच्याही पुढे पाऊण तास, म्हणजे घरापासून अडीच तास धरा. दोन्हींमधलं अंतरच दोन तासांचं. एका दिवसात दोन्ही केलंत तर आईंना फक्त गाडीची सीट आठवेल.

बाबांची इच्छा ऐकता पार्कलाच जा. आणि गाइडेड टूर घ्याच. पार्कचा बराचसा भाग राखीव आहे, तिथे गाइडशिवाय पाऊलही टाकता येत नाही, आणि खरा माल तिथेच आहे. स्वतःच्या गाडीने एक छोटा वळसा मारता येतो, वाटेत जागेवरच जपून ठेवलेले सांगाडे दिसतात, पायवाटाही आहेत. पण तेवढ्यासाठी अडीच तास जाणं बाबांना पटणार नाही.

तुमच्यासाठी बसची टूर. साधारण दोन तासांची, मध्ये मध्ये उतरवतात, चालणं बेताचं. सेंट्रोसॉरस या शिंगवाल्या डायनोसॉरच्या हाडांच्या थरापर्यंत नेणारी पायी सहल सुंदर आहे (अख्खा कळप पुरात बुडाला असावा असं मानतात, हाडांवर हाडं पडलीत), पण चढउतार आहे आणि सावली नाही. आईंना बसमध्ये घेऊन जा, पायी सहल बाबा आणि तुमचे यजमान करू देत. वयाची अट असते, तेव्हा मुलाचं बुकिंगच्या वेळी बघून घ्या. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी जागा लवकर भरतात.

ब्रुक्सकर

मी इथेच राहतो, तेव्हा थोडं रस्त्याचं. ब्रुक्सपर्यंत हायवे १, मग उत्तरेला वळायचं. पेट्रोल ब्रुक्सलाच भरा. शेवटपर्यंत सपाट माळ, कुठे काही दिसत नाही, मुलं विचारतात "बाबा, चुकलो का?" आणि मग एकदम जमीन खाली कोसळते. प्रवेशाशीच व्ह्यूपॉइंट आहे, तिथे आईंना घेऊन थोडा वेळ थांबा. गुडघे न वापरता मिळणारं सगळ्यात चांगलं दृश्य तेच.

दरीत उन्हाळ्यात पारा ३५ च्या वर सहज जातो. पाणी माणशी दोन लिटर तरी ठेवा. जेवण घरून न्या: थेपले, दहीभात, काकडी. नदीकाठी कॉटनवुडच्या झाडांची सावली आहे, पण डासही तिथेच आहेत.

चपला नकोत, बंद बूट हवेत. निवडुंगाचे काटे असतात, रॅटलस्नेकही आहेत. दगडाखाली हात घालायचा नाही, हे मुलाला आधीच बजावा. आणि हवामान बघा. मातीत ज्वालामुखीच्या राखेपासून झालेलं बेंटोनाइट आहे. कोरडी असताना वरून लाह्यांसारखी फुगलेली दिसते, पाऊस पडला की साबण. तशा वेळी पायी सहली रद्दही होतात.

शेवंती_कॅलगरी

थेपले ठरले! एक भीती सांगू का? बाबांना खिशात दगड घालायची सवय आहे. आमच्या शोकेसमध्ये अर्धा विदर्भ आहे.

खडकवेडा

मग निघण्याआधीच खिसे शिवून घ्या. पार्कमधून हाडाचा तुकडाही उचलायचा नाही. अल्बर्टा प्रांताच्या कायद्यात ५०,००० डॉलरपर्यंत दंड आणि वर्षभरापर्यंत कैद आहे. गाइड हात लावू देतात तिथे लावायचा, बाकी फोटो. दगड आहे की हाड, हे ओळखायची गंमत बाबांना दाखवा: ओलं बोट लावलं की हाडाचा तुकडा किंचित चिकटतो, कारण आतली सूक्ष्म भोकं पाणी ओढून घेतात. गाइड स्वतःच करून दाखवतात बहुतेक.

बाबांना एक खाऊ: इथले खडक साधारण साडेसात कोटी वर्षांचे. म्हणजे सह्याद्रीचा काळा पाषाण ओतला गेला, त्याच्याही जवळजवळ एक कोटी वर्षं आधीचे. पिसदुऱ्याची हाडं त्या लाव्हाच्या काळातली, इथली त्याहून जुनी.

पुणेरी_इन_एडमंटन

मी विरोधी मत देतो. आईंचा विचार करता ड्रमहेलरचं रॉयल टायरेल म्युझियमच बरं. एसी आहे, बसायला बाकं आहेत, हाडं साफ करणारे लोक काचेतून काम करताना दिसतात. १८८४ साली जोसेफ टायरेल यांना त्याच परिसरात अल्बर्टोसॉरस या मांसाहारी डायनोसॉरची कवटी मिळाली, त्यांच्याच नावाने १९८५ पासून हे म्युझियम उभं आहे. सगळ्यांनी दरीतच घाम गाळला पाहिजे असं कुठे लिहिलंय?

ब्रुक्सकर

मान्य, पण बाबांना काच नकोय ना, पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय. म्युझियम वेगळ्या दिवशी करा, पाऊस असेल त्या.

शेवंती_कॅलगरी

ठरलं. मधल्या वारी पार्क, सकाळची बस, आई व्ह्यूपॉइंट आणि बसवर खूश. म्युझियम पुढच्या आठवड्यात. बसची पायरी किती उंच आहे ते पार्कला फोन करून विचारते. पोरगं मात्र एकच विचारतंय, टी-रेक्स दिसेल का?

खडकवेडा

नाही दिसणार, टी-रेक्स बराच नंतरचा. इथे त्याचा चुलता गॉर्गोसॉरस आहे. आकाराने लहान, पण दात बघून पोरगं तक्रार करणार नाही.