पाच ताऱ्यांमध्ये ‘अडास’ धरलेले असते का?

मुलुंडकर:
नवीन गाडी घेण्याचा विचार आहे. पसंत पडलेल्या मॉडेलला भारत एनकॅपचे, म्हणजे धडक चाचणी घेऊन गाड्यांना सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या भारतीय कार्यक्रमाचे, पाच तारे आहेत. मात्र अडथळा दिसताच आपोआप ब्रेक लावणारी आणि लेन सुटू लागल्यास स्टिअरिंग सावरणारी ‘अडास’ यंत्रणा केवळ सर्वांत वरच्या व्हेरियंटमध्ये मिळते. शोरूममधील विक्रेत्याच्या बोलण्याचा सूर असा होता की, पाच तारे अडासमुळेच मिळाले आहेत. हे खरे आहे का? रोजचा प्रवास मुलुंड ते लोअर परळ असून अधूनमधून पुण्याला जाणे होते.

काटकोन:
खरे नाही. ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या भारत एनकॅपच्या पद्धतीत प्रौढांच्या संरक्षणाला ३२ आणि मुलांच्या संरक्षणाला ४९ गुण असून, ताशी ६४ किलोमीटर वेगाने समोरून किंवा ताशी ५० किलोमीटर वेगाने बाजूने धडक बसल्यास आतल्या माणसांचे काय होईल, हे प्रामुख्याने तपासले जाते. तीन किंवा अधिक ताऱ्यांसाठी इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी घसरू लागल्यास ती सावरणारी यंत्रणा) आवश्यक आहे, परंतु स्वयंचलित ब्रेकला या पद्धतीत गुण नाहीत. गल्लत होते ती युरो एनकॅप या युरोपातील तशाच कार्यक्रमामुळे. तिथे स्वयंचलित ब्रेकचे गुण २०१४ पासून ताऱ्यांमध्ये धरले जातात आणि पुढे पादचारी, सायकलस्वार व मोटारसायकलस्वार यांच्यासाठीच्या चाचण्याही त्यात आल्या. आपल्याकडील सुधारित मसुद्यात अपघात टाळण्याच्या साधनांसाठी स्वतंत्र भाग प्रस्तावित आहे, पण आज शोरूममध्ये दिसणारे तारे वर सांगितलेल्या पद्धतीचेच आहेत. निकालपत्रकात ते कोणत्या व्हेरियंटना लागू आहेत हे लिहिलेले असते. तेवढे वाचून खालचा व्हेरियंट निर्धास्त घ्यावा. चाचणीतल्या पुतळ्यांना बेल्ट लावलेले असतात, हेही लक्षात असू द्यावे, कारण मागे बेल्ट न लावता बसलेल्यांना ते पाच तारे लागू होत नाहीत.

घाटरस्ता:
वरील उत्तर बरोबर आहे, तरीही अडास निरुपयोगी आहे असा त्याचा अर्थ काढू नये. द्रुतगती मार्गावर पुढचा ट्रक अचानक मंदावला तर स्वयंचलित ब्रेकमुळे धडक टळते, किंवा निदान तिचा जोर कमी होतो, आणि माझ्या मते जास्तीचे पैसे मोजावेत ते एवढ्यासाठीच. लेन सावरणाऱ्या यंत्रणेला मात्र ठळक पट्टे लागतात. अटल सेतूवर ते मिळतात, एलबीएस मार्गावर पट्टाच शोधावा लागतो. ॲडाप्टिव्ह क्रूझ, म्हणजे वेग आपोआप कमी-जास्त करणारी यंत्रणा, पुढच्या गाडीपासून जे अंतर राखते, त्यात शहरात लगेच एखादी रिक्षा शिरते आणि आपली गाडी पुन्हा वेग कमी करून मागे पडत राहते. शिवाय बहुतेक गाड्यांचा कॅमेरा पुढच्या काचेमागे असल्याने काच बदलली की कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेऱ्याची अचूक जुळणी, करून घ्यावे लागते. तो खर्च विम्यात बसतो का, हे पॉलिसी घेतानाच विचारावे.

मुलुंडकर:
आभारी आहे. लेनची यंत्रणा बंद ठेवून केवळ ब्रेकची चालू ठेवता येते का?

घाटरस्ता:
बहुतेक गाड्यांमध्ये सेटिंग स्वतंत्र असते. काही गाड्यांत मात्र इंजिन पुन्हा सुरू केल्यावर लेनची यंत्रणा आपोआप चालू होते, म्हणून टेस्ट ड्राइव्हच्या वेळी गाडी एकदा बंद करून पुन्हा सुरू करून पाहावी.