सल्ला हवा: सेमी-मॉड्युलर अ‍ॅनालॉग सिंथ कोणता घ्यावा? (बजेट ४०,०००, अमळनेर)

बोरीकाठ
नमस्कार मंडळी. मी अमळनेरचा. घरातल्याच एका खोलीत अहिराणी गाण्यांचं म्युझिक करतो. लग्नाची गाणी, कानबाईची गाणी, अधूनमधून वहीगायनवाल्यांचं रेकॉर्डिंग. लॅपटॉप, दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस, एक मिडी कीबोर्ड (स्वतः आवाज न करता कोणता सूर दाबला तेवढंच पुढे कळवणारा) आणि एक बरा माइक आहे. आता झालंय असं की सगळ्यांकडे तेच सॅम्पल पॅक. शिरपूरचं गाणं लावा नाहीतर पाचोऱ्याचं, बेस एकच आणि टाळीसुद्धा एकच. म्हणून नॉब फिरवून, केबल खोचून स्वतःचा आवाज घडवता येईल असा सेमी-मॉड्युलर सिंथ (विजेवर आवाज तयार करणारं वाद्य) घ्यायचाय.

बजेट ४०,०००, केबलसकट. याच्या वर जाता येणार नाही.

विचारायचं ते असं: कोणता घ्यावा? पहिल्यांदा जोडताना काय बघावं? आमच्याकडे लाइटचा भरवसा नाही आणि मे महिन्यात खोली भट्टीसारखी तापते, त्याचा त्रास होतो का? आणि संबळ, सनई असा बाहेरचा आवाज त्याच्यात घालून वाजवता येतो का? हे शेवटचं माझ्यासाठी महत्त्वाचं आहे.

हतनूर
मूग मॅट्रिआर्क घ्या आणि विषय संपवा. ४९ पट्ट्या, ९० पॅच पॉइंट (केबल खोचायच्या जागा), आत स्टिरिओ अ‍ॅनालॉग डिले (प्रतिध्वनी). माझ्याकडे आहे. मूळचा भुसावळचा, सध्या पुण्यात. सकाळी ऑफिसला जायच्या आधी दहा मिनिटं वाजवल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. एकदम चार सूर लावता येतात, फक्त प्रत्येकाला वेगळा फिल्टर मिळत नाही, सगळे एकत्रच जातात. फारच जड वाटला तर ग्रँडमदर बघा. तो एका वेळी एकच सूर वाजवतो, पण त्याच्यात खरी स्प्रिंग असलेला रिव्हर्ब आहे. खोक्यावर थाप मारली की ढग गडगडल्यासारखं होतं.

बोरीकाठ
हतनूरभाऊ, दोन्ही बजेटच्या बाहेर आहेत.

हतनूर
माहीत आहे. पण स्वस्त घेऊन वर्षभरात विकण्यापेक्षा थांबून एकदाच घ्या.

रावेरची_केळी
दादा, बेहरिंगर क्रेव्ह. बजेटमध्ये बसतो, वर केबलला पैसे उरतात. मूगच्या मदर-३२ च्या वळणाचा आहे. एक ऑसिलेटर (मूळ सूर काढणारा), लॅडर फिल्टर (आवाजाचा तिखटपणा कमी-जास्त करणारा), ३२ स्टेपचा सिक्वेन्सर (ओळीने सूर वाजवणारा). पट्ट्या नाहीत, पण मिडी कीबोर्ड तुमच्याकडे आहेच.

जोडताना घाबरू नका. सेमी-मॉड्युलर म्हणजे आतलं वायरिंग कंपनीने आधीच करून दिलेलं असतं. ऑसिलेटर फिल्टरमध्ये जातो, फिल्टर व्हीसीएमध्ये (आवाज लहान-मोठा करणारा भाग), एन्व्हलप (सूर कसा चढतो-उतरतो ते ठरवणारा) व्हीसीए उघडतो. एकही केबल न लावता आवाज येतो. आपण शेताला बारे देतो तसंच. पाणी पाटातून आपल्या वाटेने चाललेलंच असतं, तुम्ही मध्ये दारं फोडलं की तेवढं दुसऱ्या वाफ्यात वळतं. केबल खोचली की त्या जागेचं आतलं कनेक्शन तुटतं आणि तुमचं चालू होतं. केबल काढली की परत पहिल्यासारखं.

म्हणून आधी आठवडाभर केबलला हातच लावू नका. कटऑफ (फिल्टर कुठून कापतो), रेझोनन्स (त्या जागेचा आवाज उठवणं), अ‍ॅटॅक (सूर किती वेळात चढतो), डिके (किती वेळात उतरतो) हे चार नॉब हाताला कळू द्या. मग पहिली केबल एलएफओच्या (हळू हेलकावे देणारा ऑसिलेटर) आउटमधून फिल्टर कटऑफच्या इनमध्ये. दुसरी एन्व्हलपमधून ऑसिलेटरच्या पिचमध्ये. डिके छोटा ठेवला की ढोलासारखा ठोका येतो, लग्नाच्या गाण्याला तोच लागतो.

जुना_बँजो
भो, मी सांगस ते ऐक. इतला पैसा टाकीसन एक टायमाले एकच सूर वाजस, त्यानं काय करशी?

बाकीच्यांसाठी मराठीत लिहितो. माझी सगळी हयात बँजो पार्टीत गेली. वरातीत लोकांना पाहिजे ठेका आणि चाल. चांगला अ‍ॅरेंजर कीबोर्ड घ्या, त्याच्यात ताल तयार, कॉर्ड तयार. वायरी खोचत बसलात तर नवरदेव मांडवात पोहोचून जाईल.

बोरीकाठ
काका, मी वरातीत नाही वाजवत. रेकॉर्डिंगसाठी पाहिजे.

जुना_बँजो
रेकॉर्डिंगचं गाणंसुद्धा शेवटी वरातीतच वाजतं ना.

गिरणाई
बोरीकाठ, एक रुपयाही खर्च करण्याआधी व्हीसीव्ही रॅक उतरवून घ्या. फुकट आवृत्ती आहे आणि लॅपटॉपवर चालते. खऱ्या मॉड्युलरसारखी केबल माउसने ओढायची. गेट (पट्टी दाबलेली असेपर्यंतचा इशारा), ट्रिगर (क्षणभराचा इशारा), सीव्ही (नियंत्रण करणारा व्होल्टेज), सॅम्पल अँड होल्ड, अटेन्युएटर हे सगळं त्यावर समजतं. मी जळगावला मुलांना हार्मोनियम आणि कीबोर्ड शिकवते. मोठ्या मुलांना ध्वनी कसा तयार होतो ते यावरच दाखवते. महिनाभर यावर काम करा. मग हार्डवेअर लागतंय की नाही ते तुमचं तुम्हालाच कळेल. कदाचित लागणारही नाही.

हतनूर
ताई, माउसने नॉब फिरवणं आणि बोटाने फिरवणं यात फरक आहे. सॉफ्टवेअरमध्ये तो जिवंतपणा नाही.

गिरणाई
डोळे मिटून दोन रेकॉर्डिंग ऐकवली तर किती जणांना ओळखू येईल? बेस मिक्समध्ये बसला, त्यावर गाणं चढलं, वर मोबाइलच्या स्पीकरवर ऐकलं, मग जिवंतपणा कुठे शोधायचा? हाताला मजा येते हे मान्य. पण ती मजा वाजवणाऱ्याची, त्यासाठी कर्ज काढू नका एवढंच म्हणणं.

हतनूर
वाजवणाऱ्याला मजा आली तरच ऐकणाऱ्याला येते. यावर मी मागे हटणार नाही.

पांझरा
आवाजाचं नंतर बघा, आधी वीज. आमच्या ग्रुपमधल्या एकाने सिंथचा अ‍ॅडॉप्टर हरवल्यावर घरातला दुसरा लावला. पिन बसली, व्होल्टही १२ च होते, पण पोलॅरिटी उलटी. बोर्ड गेला. दुकानदाराने हात वर केले, दुरुस्तीला कोणी तयार नाही, शेवटी खोकं माळ्यावर. अ‍ॅडॉप्टरवर गोलाचं चिन्ह असतं, आतला ठिपका अधिक की उणे ते बघायचं. व्होल्ट तंतोतंत तेच हवेत. अ‍ॅम्पिअर जास्त चालतात, कमी चालत नाहीत. आल्याबरोबर अ‍ॅडॉप्टरवर सिंथचं नाव लिहून चिकटपट्टी लावा.

दुसरं म्हणजे यूपीएस. लाइट जाते त्यापेक्षा ती परत येते तेव्हा धोका जास्त, तेव्हाच झटका बसतो. आणि भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या. जुन्या घरात तिसरं भोक नुसतं शोभेला असतं.

रावेरची_केळी
पांझराभाऊंशी सहमत. त्यात भर घालतो. सिंथ यूएसबीने लॅपटॉपला जोडला आणि त्याचवेळी ऑडिओही त्याच लॅपटॉपच्या इंटरफेसला गेला की ग्राउंड लूप होतो. मग कधी ५० हर्ट्झचा घूं आवाज, कधी बारीक किर्रर्र, माउस हलवला की बदलणारं. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आवाज गेला तर कारण तेच. अशा वेळी यूएसबी सोडून पाच पिनी मिडी केबल वापरा. मिडीच्या इनपुटला आत ऑप्टोकपलर असतो, सिग्नल उजेडाने पलीकडे जातो, ग्राउंड जोडलाच जात नाही.

सातमाळा
चाळीसगाव. तापमानाबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो.

अ‍ॅनालॉग ऑसिलेटर तापमानाप्रमाणे सरकतो. बहुतेक सिंथमध्ये १ व्होल्टला एक सप्तक असा हिशोब असतो. म्हणजे एका सप्तकातले १२ स्वर १ व्होल्टमध्ये, एका अर्धस्वराला साधारण ८३ मिलिव्होल्ट. दहा मिलिव्होल्टचा फरक पडला तरी सूर १२ सेंट (अर्धस्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) हलला, आणि सनईशेजारी तो लगेच खटकतो. कंपन्या आत तापमानाची भरपाई करणारं सर्किट देतात, पण जळगाव-भुसावळचा ४५ अंशांच्या पुढचा मे महिना हे प्रकरण वेगळं.

माझा अनुभव कूलरचा आहे. खोलीत कूलर सुरू असेल तर रेकॉर्डिंग होत नाही, आवाज येतो. म्हणून टेकसाठी बंद करायचा. पाच-सात मिनिटांत खोली तापायला लागते आणि गाण्याच्या पहिल्या कडव्यात जुळलेला बेस तिसऱ्या कडव्यात वर किंवा खाली गेलेला असतो. उपाय एवढाच की सिंथ अर्धा तास आधी चालू करून ठेवा, कूलर बंद करून दहा मिनिटं जाऊ द्या, मग सूर जुळवा आणि लगेच टेक घ्या. कूलरच्या झोतात सिंथ कधीच ठेवू नका. ओलसर हवेने जॅक खराब होतात. पंख्याखालीही नको. वापर झाला की सुती फडकं टाका, धूळ नॉबच्या फटीतून आत जाते आणि मग नॉब फिरवताना खरखर येते.

नंदुरबार_लाइन
क्रेव्ह घ्या. बजेटमध्ये बसतो.

रावेरची_केळी
वर मी तेच लिहिलंय.

नंदुरबार_लाइन
सगळं वाचलं नव्हतं, पण माझंही तेच मत. माझ्याकडे कॉर्गचा व्होल्का मॉड्युलर पण आहे. सहा पेन्सिल सेलवर चालतो, लाइट गेली तरी काम थांबत नाही. त्याच्या केबल म्हणजे बारीक जंपर वायरी आणि सिग्नलही ३.३ व्होल्टचे, त्यामुळे दुसऱ्या सिंथला जोडताना जपून.

पांझरा
बेहरिंगर न्यूट्रॉनचं नाव कोणी कसं घेतलं नाही? दोन ऑसिलेटर, ५६ पॅच पॉइंट, डिले, ओव्हरड्राइव्ह. घ्यायचाच तर तो.

बोरीकाठ
सगळ्यांचे आभार. यूपीएस कालच सांगून ठेवला आणि वायरमन येऊन गेला. अर्थिंग खरोखरच नव्हतं, नवीन करून घेतलं. व्हीसीव्ही रॅकही बघितला, ताईंचं बरोबर आहे, गेट आणि ट्रिगरमधला फरक त्यावर पटकन कळला.

पण संबळ-सनईच्या प्रश्नाचं उत्तर अजून कोणी दिलं नाही. नाशिकला एकाकडे कॉर्ग एमएस-२० मिनी सेकंडहँड आहे, पैशात बसतोय. कोणी वापरलाय का?

सातमाळा
तो नको. एमएस-२० ची जुनी पद्धत हर्ट्झ प्रति व्होल्टची आहे, मिनीमध्येही तीच ठेवलीय. बाकीच्यांकडे प्रत्येक सप्तकाला व्होल्ट एकेकाने वाढतो: १, २, ३, ४. याच्यात दुप्पट होतो: १, २, ४, ८. ट्रिगरही उलटा, ग्राउंडला टेकला की चालू. उद्या युरोरॅकचं (सुटे भाग जोडून बनवायचा सिंथ) एखादं मॉड्यूल घेतलंत तर सूर जुळणार नाही, मध्ये कन्व्हर्टर लागेल.

हतनूर
सहमत. शिवाय पट्ट्या छोट्या. आणि १९७८ च्या डिझाइनसाठी आज पैसे का घालायचे? २०१३ मध्ये लहान करून परत काढला, बस. थांबा आणि ग्रँडमदर घ्या.

रावेरची_केळी
सेकंडहँडला वॉरंटी नाही. क्रेव्ह नवा मिळतो. दादा, परत विचार करा.

गिरणाई
मी अजूनही म्हणते, महिनाभर थांबा.

जुना_बँजो
माले काही समजनं नही, पण संबळ त्याच्यात घालीसन काय होस ते सांग.

बोरीकाठ
घेतला. रविवारी नाशिकला जाऊन, वाजवून बघून घेतला. सगळ्यांच्या विरुद्ध जातोय याची कल्पना आहे, म्हणून कारण सविस्तर लिहितो.

युरोरॅक मी घेणार नाही, तेवढे पैसे माझ्याकडे कधी साठणार नाहीत. सूर लॅपटॉपवरून मिडीने पाठवतो, त्यामुळे हर्ट्झ-व्होल्टचा प्रश्न माझ्यापुरता येत नाही. आणि याच्या उजव्या कोपऱ्यात एक्स्टर्नल सिग्नल प्रोसेसर आहे, तो तुम्ही सुचवलेल्यांपैकी कशातच नाही. बाहेरचा आवाज आत घेतो आणि त्यातून तीन गोष्टी काढतो: सुराप्रमाणे बदलणारा व्होल्टेज, जोराप्रमाणे बदलणारा व्होल्टेज आणि ठोक्यावर ट्रिगर.

बँजोकाका, तुमच्यासाठी. आमच्याकडच्या संबळवाल्याला काल बसवलं. माइकचा आवाज इंटरफेसमधून सिंथच्या सिग्नल इनमध्ये. सिग्नल लेव्हल पीकचा दिवा जोराच्या ठोक्याला जेमतेम लुकलुकेल एवढीच. लो कट वर नेला, म्हणजे मोठ्या तोंडाचा घुमारा गळून लहान तोंडाचा कडक ठोका तेवढा राहिला. थ्रेशोल्ड (ट्रिगर सुटायला लागणारा किमान जोर) हळूहळू वाढवत नेला, मधली हलकी बोटं सुटेपर्यंत. मग ट्रिग आउट एन्व्हलपच्या ट्रिगर इनमध्ये. आता संबळवाला जिथे वजन देतो, नेमका तिथेच बेस वाजतो. तो लय ओढतो तेव्हा बेसही ओढतो, क्लिक ट्रॅकची (लयीच्या टिकटिकीची) गरज पडली नाही. दुसरी केबल एन्व्हलप आउटमधून फिल्टरच्या कटऑफला. जोरात वाजवलं की बेस उघडतो, हळू वाजवलं की मिटतो. संबळवाल्याने स्वतःहून पुन्हा वाजवून बघितलं, मुद्दाम हळू, मुद्दाम जोरात.

जुना_बँजो
म्हणजे ठेका माणसानाच. मंग ठीक शे.

सातमाळा
हे माझ्या लक्षात नव्हतं. पण सूर जुळवण्याचं मी लिहिलेलं सोडू नका, एमएस-२० ही सरकतोच.

हतनूर
मॅट्रिआर्कमध्येही बाहेरचा आवाज फिल्टरमधून काढता येतो.

रावेरची_केळी
सनईचं काय झालं? सूर पकडतो का?

बोरीकाठ
पकडतो, पण एका वेळी एकच सूर. शेजारी दुसरं काही वाजत असलं की गोंधळतो, म्हणून सनईवाल्याला एकट्याला आतल्या खोलीत बसवावं लागलं. लो कट आणि हाय कट सनईच्या पट्टीपुरते आवळले, सीव्ही आउट व्हीसीओच्या (ऑसिलेटरच्या) सीव्ही इनमध्ये घातला. सनईवाल्याने षड्ज धरून ठेवायचा आणि मी ऑसिलेटर जुळेपर्यंत सीव्ही अ‍ॅडजस्ट फिरवायचा. मग वरचा षड्ज तपासायचा आणि परत खालचा. मींड घेतली तर ऑसिलेटर मागोमाग छान येतो. जलद तान आली की तुटतो, मध्येच वरच्या सप्तकात उडी मारतो. तानेच्या जागी ती केबल काढून टाकतो आणि बेस मिडीवर सोडतो.