डावं पॅडल पाना लावूनही हलत नाही?

सायकलचं डावं पॅडल दोन दिवस जोर लावूनही सुटत नाही, असं तुम्ही लिहिलंय. आधी एक शंका: फिरवताय कुठल्या बाजूला? डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. मी स्वतः एकदा अर्धा तास घाम गाळून ते आणखी घट्ट केलं होतं, त्यामुळे हसू नका! सोपी खूण: पाना पॅडलच्या दांडीवर उभा, पान्याचा दांडा आभाळाकडे, आणि ओढायचं मागच्या चाकाकडे. दोन्ही पॅडलं अशीच सुटतात.

दिशा बरोबर असूनही हलत नसेल तर दोष बहुतेक गंजाचा. ॲल्युमिनियमचा क्रँक (ज्यात पॅडल बसतं तो हात) आणि पॅडलची पोलादी दांडी, त्यात पावसाचं पाणी, की दोन्ही एकमेकांना चिकटून बसतात. गंज सोडवणारं तेल क्रँकच्या दोन्ही बाजूंनी सोडा आणि रात्रभर विसरून जा. सकाळी क्रँकवर किटलीभर उकळतं पाणी ओता. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, तेवढ्यानेही पकड सुटू शकते. (कार्बनच्या क्रँकला मात्र उष्णता नको.)

पाना १५ मिमीचा, नीट बसणारा. ॲडजस्टेबल पाना कडा खातो. दांड्यावर हातभर लोखंडी पाइप चढवा, आणि चेन पुढच्या मोठ्या चक्रावर ठेवा, नाहीतर पाना निसटला की बोटं थेट चक्राच्या दातांवर. बसवताना आट्यांना ग्रीस.