मदत हवी आहे: नववीला इंग्रजीचा रोजचा गृहपाठ काय द्यावा? (तातडीचं)

डोंगरवाट | सोमवार, रात्री १०:४०
नमस्कार. रोज गृहपाठ दिलाच पाहिजे असं हेडसरांचं म्हणणं. देतो. दुसऱ्या दिवशी वह्या येतात आणि सगळ्यांचं उत्तर एकच. शनिवारी 'तुझी आवडती जागा' यावर पाच ओळी दिल्या होत्या. ४१ जणांनी महाबळेश्वर लिहिलं. आज वर्गात विचारलं, महाबळेश्वर कोणी पाहिलंय? एक हात वर नाही. गाईडमध्ये स्ट्रॉबेरीच्या स्पेलिंगातला एक आर गळलाय, तो ४१ वह्यांत गळलाय. गाईडमधून उतरवता येणार नाही असा गृहपाठ कोणता? उद्या तिसरा तास आहे, त्याआधी सांगा. उपदेश नको.

नदीकाठ | १०:५२
बोर्ड कुठलं? माध्यम? पट किती? तुम्ही शाळेत शिकवता की क्लासला? मराठी माध्यमाचं इंग्रजीचं पुस्तक वेगळं आणि इंग्रजी माध्यमाचं कुमारभारती वेगळं, कृतिपत्रिकाही (म्हणजे प्रश्नपत्रिका) वेगळी. माहितीशिवाय काय सांगणार?

डोंगरवाट | १०:५५
स्टेट बोर्डच, अजून कुठलं असणार. मराठी माध्यम. शाळेत.

पमाकाकू | ११:०३
गाईडं जप्त करा. माझ्या नातवाच्या शाळेत बाईंनी पहिल्याच दिवशी सगळ्यांची गाईडं कपाटात कुलूपबंद केली. आता पोरगं फाडफाड बोलतंय.

ढ_विद्यार्थी | ११:०६
काकू, नातू कितवीला?

पमाकाकू | ११:०७
दुसरीला. त्याचं काय?

जुना_खडू | ११:२०
३१ वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालो, म्हणून अधिकाराने लिहितो. पाया कच्चा असताना 'आवडती जागा' कसली मागता? आम्हाला इंग्रजी पाचवीला लागलं. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घेऊन बसायचो, एकेका नियमावर ढीगभर वाक्यं, मराठीतून इंग्रजीत आणि उलट. रोज दहा वाक्यं द्या. तिन्ही काळ, मग कर्तरी-कर्मणी. २००० साली पहिलीपासून इंग्रजी आणलं, आणि नववीत पोरगं 'शी डोन्ट नोज' म्हणतं. लावा हिशोब.

ढ_विद्यार्थी | ११:२८
सर, आदर आहे, पण दहावीच्या ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत भाषांतराला ५ गुण. शब्दांना २, वाक्यांना २, म्हणीला १. बाकीच्या ७५ चं काय? उताऱ्याखालच्या शेवटच्या कृतीत मुलाने स्वतःचं मत लिहायचं असतं, तिथे तुमची दहा वाक्यं कामाला येत नाहीत.

जुना_खडू | ११:३१
मत लिहायला आधी वाक्य लागतं.

ढ_विद्यार्थी | ११:३२
आणि वाक्याला आधी मत. असो.

एडिसनकर | ११:४५
इकडे न्यू जर्सीत माझ्या मुलीला नववीत प्रश्नोत्तरं अशी नसतातच. पुस्तक वाचायचं, वर्गात त्यावर बोलायचं, मग निबंधाचा कच्चा खर्डा, तो एकमेकांना वाचायला द्यायचा, मग पक्का. पाठांतराची सवयच मोडली पाहिजे आपल्याकडे.

नदीकाठ | ११:५१
एडिसनकर, तिकडे वर्गात किती मुलं? डोंगरवाट, पट विचारला होता.

डोंगरवाट | ११:५८
पट ५८. दोन तुकड्या एकत्र बसतात. तास ३५ मिनिटांचा, त्यातली ५ हजेरीत. आणि हो, मी मूळचा इतिहासाचा. बाई बाळंतपणाच्या रजेवर आहेत, मी तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांचेच पैसे. 'तुमचं इंग्रजी बरं दिसतंय' म्हणून हा वर्ग गळ्यात पडला.

नदीकाठ | मंगळवार, १२:०४
हे पहिल्या ओळीत हवं होतं! ५८ वह्या रोज एकेका मिनिटात तपासल्या तरी तासभर जातो. तुमचा निम्मा प्रश्न तपासणीचा आहे.

रातराणी_२ | १२:२०
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवी-नववीला इंग्रजी घेते. माझं असं चालतं. लेखन घरी देतच नाही. तासाची शेवटची दहा मिनिटं, दप्तरं बंद. फळ्यावर अर्धं वाक्य, 'टुडे ऑन द वे टू स्कूल आय सॉ…' पुढच्या तीन ओळी ज्याच्या त्याच्या. अडलेला शब्द मराठीत लिहिला तरी चालतो, त्याखाली रेघ मारायची. ते शब्द दुसऱ्या दिवशी फळ्यावर घेते, तोच माझा शब्दसंग्रहाचा पाठ. आमच्या पोरांचे पहिल्या आठवड्यातले शब्द होते चिखल, मोकाट, पंक्चर आणि 'गाडी लागली'. 'गाडी लागली' इंग्रजीत सांगताना मीच अडखळले.
घरी द्यायचं ते कागद बघून लिहायचं. दूध डेअरीची पावती असते ना, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), दर? त्यावरून चार वाक्यं. जनावर नसलेल्या घरात लाइटबिल. तेही नसेल तर एसटी स्टँडवरचं वेळापत्रक. प्रत्येकाचा कागद वेगळा, गाईडवाला काय छापणार? शिवाय दहावीला माहितीचं रूपांतर म्हणून जो प्रश्न येतो, तक्त्यावरून परिच्छेद, त्याची ही तयारीच. ५ गुण.
तपासायच्या रोज दहाच वह्या. सोमवारी हजेरी क्रमांक १ ते १०, मंगळवारी ११ ते २०. शनिवारी उरलेल्या आठ.

नदीकाठ | १२:२६
+१. डेअरीची पावती लाजवाब.

जुना_खडू | १२:३१
मराठी शब्द वहीत? इंग्रजीच्या तासाला मराठी आलं की संपलं.

रातराणी_२ | १२:३५
सर, आत्ताच तर मराठीतून इंग्रजीत दहा वाक्यं द्यायला सांगत होतात. मराठी वाक्य वहीत चालतं, मराठी शब्द नाही?

ढ_विद्यार्थी | १२:३६
🍿

पमाकाकू | १२:४०
कुणाला लोण्याच्या भावाची कल्पना आहे का? डेअरीवरून आठवलं.

एडिसनकर | १२:४४
सेमी इंग्रजीच्या मुलांना हा त्रास होत नसेल ना? ती तर गणित-विज्ञान इंग्रजीतूनच शिकतात.

रातराणी_२ | १२:४९
होतो. पोराला 'फोटोसिंथेसिस'चं स्पेलिंग न चुकता येतं आणि 'मला उशीर झाला' येत नाही. तो वेगळा धागा होईल.

डोंगरवाट | मंगळवार, दुपारी १:१५
आज दहा मिनिटांचा प्रयोग केला. गोंधळ झाला, आठ मिनिटं 'सर मार्जिन सोडायचं का', 'सर निळा पेन चालेल का' यातच गेली. पावतीचं उद्या देतो.
पण एक सांगायचं राहिलं. गुरुवारी तपासणी आहे. झालेल्या सगळ्या पाठांची सगळी प्रश्नोत्तरं प्रत्येक वहीत पाहिजेत, खाली लाल शाईची सही आणि तारीख. टाचण वही (रोज काय शिकवणार त्याची शिक्षकाची नोंद) पूर्ण. हेडसर म्हणाले, बाकीचं नंतर बघू.

नदीकाठ | १:२१
हे शेवटी सांगताय? मग गुरुवारपर्यंत महाबळेश्वरच बरं.

रातराणी_२ | १:३०
दोन वह्या करा. एक पक्की, हेडसरांची. एक पाठकोऱ्या कागदांची, दोऱ्याने शिवलेली, दहा मिनिटांची. मी सहा वर्षं हेच करतेय. टाचण वहीत 'स्वनिर्मित लेखन, १० मिनिटं' असं लिहा, कोणी हरकत घेत नाही.

जुना_खडू | १:३४
दोन वह्या म्हणजे दुप्पट तपासणी. मी लिहून देतो, महिन्याने बंद पडेल.

डोंगरवाट | १:५०
बघतो. शनिवारच्या गठ्ठ्यात सतरा वह्या महाबळेश्वराच्या नव्हत्या. त्यातल्या सोळा कोऱ्या. सतरावी एका मुलीची, तिने लिहिलंय, 'माय प्लेस इज अवर वेल. मोटर स्टार्ट. वॉटर कमिंग. आय सिट. नोबडी कॉल मी.' याला लाल पेनने काय करू? पाचपैकी किती देऊ?

जुना_खडू | १:५८
'द मोटर स्टार्ट्स.' एकवचनी कर्ता, साधा वर्तमानकाळ, क्रियापदाला एस लागतो. 'द वॉटर कम्स.' 'नोबडी कॉल्स मी.' तीन चुका आणि एक 'द' ठिकठिकाणी. पाचपैकी २.

ढ_विद्यार्थी | २:०१
'कमिंग'च्या आधी 'इज' लावलं तर 'कम्स'ची गरज नाही. 'वॉटर इज कमिंग' बरोबर आहे, पाणी त्या क्षणी येतंय.

जुना_खडू | २:०३
सवयीची गोष्ट सांगतेय ती. साधा वर्तमानकाळच.

ढ_विद्यार्थी | २:०४
तुम्ही विचारलंत का तिला?

रातराणी_२ | २:१०
पाचपैकी ४ द्या. चुकांना हात लावू नका. खाली इंग्रजीत एकच प्रश्न लिहा, 'मोटर कधी सुरू होते?' ती उत्तर लिहील, तेव्हा 'स्टार्ट्स'चं बघा.

डोंगरवाट | २:१४
चार दिले. प्रश्नही लिहिला. तास आहे, चाललो.

पमाकाकू | २:३०
लोण्याचं कोणीच सांगितलं नाही. आणि डोंगरवाट, तासिकेला हल्ली किती मिळतात हो? भाच्याचं बीएड झालंय.